बेक केला की बसते, आठ दिवसांनी पुन्हा चढते: ईसीडीच्या बेसलाइनचा माग

तक्रार बहुतेक ठिकाणी एकच असते. गॅस क्रोमॅटोग्राफ हे मिश्रणातले पदार्थ वेगळे करणारं यंत्र. त्याच्यावरच्या ईसीडीची, म्हणजे इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टरची, बेसलाइन, म्हणजे पदार्थ नसतानाची सिग्नलची पातळी, दिवसागणिक चढत जाते. नॉइज वाढतो. लिंडेन किंवा एंडोसल्फान या कीटकनाशकांचं खालच्या पातळीचं स्टँडर्ड (प्रमाण माहीत असलेलं द्रावण) दिसेनासं होतं. डिटेक्टर रात्रभर बेक केला, म्हणजे चढ्या तापमानावर ठेवला, की सकाळी सगळं आलबेल. आठ-दहा दिवस बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तिसऱ्या-चौथ्या फेरीला कोणीतरी म्हणतं, "सोर्स वीक झालाय," आणि नव्या डिटेक्टरचं कोटेशन मागवलं जातं. आकडा बघून डोळे पांढरे होतात, मग परत बेक.

सोर्स, म्हणजे डिटेक्टरमधला किरणोत्सारी पदार्थ, वीक झालेला नसतो. आजच्या जवळजवळ सगळ्या ईसीडींमध्ये निकेल-६३ असतं आणि त्याचं अर्धायुष्य सुमारे १०० वर्षं आहे. हिशेब केला तर १० वर्षांत साधारण ७ टक्के घट, २० वर्षांत १३ टक्के. महिन्याभरात दुप्पट झालेल्या बेसलाइनचं खापर याच्यावर फोडता येत नाही. आणि कोटेशन मागवण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा: किरणोत्सार कमी झाल्यामुळे बेसलाइन चढली असती, तर बेक केल्यावर ती खाली कशी आली? अणुकेंद्राला डिटेक्टरचं तापमान कळत नाही. बेकने फरक पडतो याचाच अर्थ दुखणं रासायनिक आहे, कुठून तरी घाण येते आहे. आणि परत परत चढते याचा अर्थ ती अजून येतेच आहे.

म्हणून माझा आग्रह असा की बेसलाइन किती चढली याच्यापेक्षा ती परत चढायला किती वेळ लागला, आणि त्या वेळात काय काय घडलं, हे आधी बघा. पण ते वाचता येण्यासाठी डिटेक्टरच्या पोटात काय चालतं हे डोळ्यांसमोर हवं.

पोटात काय आहे

एक छोटी धातूची नळकांडी. तिच्या आतल्या भिंतीवर निकेल-६३ चा पातळ थर, बहुधा १० ते १५ मिलिक्युरीचा. १० मिलिक्युरी म्हणजे सेकंदाला ३७ कोटी विघटनं. प्रत्येक विघटनातून एक बीटा कण निघतो, त्याची सरासरी ऊर्जा १७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, कमाल सुमारे ६७. नायट्रोजनमध्ये एक आयनजोडी तयार व्हायला साधारण ३५ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, म्हणजे एका सरासरी बीटामागे पाचशेच्या आसपास इलेक्ट्रॉन मोकळे होतात. निम्मे बीटा उलट्या दिशेने, भिंतीतच जातात. उरलेल्यांचा हिशेब मांडला तर प्रवाह येतो नॅनोअँपिअरमध्ये. आपला सगळा सिग्नल एवढ्याशा प्रवाहावर उभा आहे, हे लक्षात ठेवलं की पुढच्या गोष्टी पटतात.

मोकळे झालेले इलेक्ट्रॉन मेकअप गॅसच्या, म्हणजे डिटेक्टरमध्ये वेगळा सोडलेल्या गॅसच्या, रेणूंवर आपटून आपटून थंड होतात. याच कामासाठी नायट्रोजन किंवा आर्गनमध्ये ५ टक्के मिथेन वापरतात. थंड, मंद इलेक्ट्रॉन क्लोरिन-ब्रोमिन असलेल्या रेणूला चटकन चिकटतो आणि जड ऋण आयन तयार होतो. जड आयन कलेक्टरपर्यंत पोचत नाही. वाटेत धन आयनाशी जुळून संपतो किंवा गॅसबरोबर वाहून जातो. कित्येक रचनांत कलेक्टर गॅसच्या वरच्या अंगाला ठेवलेला असतो तो याचसाठी: हलके इलेक्ट्रॉन प्रवाहाविरुद्ध जाऊन पोचतात, जड आयन मागे पडतात. पोचलेले इलेक्ट्रॉन कमी झाले, की पदार्थ आला असं समजायचं.

आता इलेक्ट्रॉनिक्स. जुन्या मशीनमध्ये ठरावीक अंतराने पल्स, म्हणजे विजेचे छोटे झटके, देऊन प्रवाह मोजत. पदार्थ आला की प्रवाह घसरे. १९७१ नंतर पद्धत उलटली. प्रवाह स्थिर ठेवायचा आणि त्यासाठी पल्स किती वेगाने द्याव्या लागतात ते मोजायचं. आज स्क्रीनवर दिसते ती हीच वारंवारता, हर्ट्झमध्ये. इलेक्ट्रॉन कमी मिळू लागले की यंत्र ठरलेला प्रवाह भरून काढण्यासाठी जास्त वेळा पल्स देतं आणि बेसलाइन वर जाते.

इथेच सगळ्या गोंधळाचं मूळ आहे. इलेक्ट्रॉन दोन कारणांनी कमी मिळू शकतात. एक, ते तयार झाले पण ऑक्सिजनने, पाण्याच्या वाफेने, कॉलमच्या (पदार्थ वेगळे करणाऱ्या लांब नळीच्या) ब्लीडने, म्हणजे तिच्या लेपातून सुटणाऱ्या पदार्थाने, किंवा उरलेल्या सॉल्व्हंटने वाटेत गिळले. दोन, ते तयारच कमी झाले, कारण निकेलवर मळाचा थर बसलाय आणि बीटा त्यातच अडकताहेत. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. बेक केल्याने दुसरं बरं होतं, पहिलं होत नाही. आणि पुष्कळदा पहिल्यातूनच दुसरं पुन्हा तयार होतं.

मळाचा थर किती पुरतो? १७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन सेंद्रिय पदार्थात जेमतेम सहा-सात मायक्रॉन जातो. म्हणजे एक-दोन मायक्रॉनच्या लेपानेही चांगलीच चोरी होते. आधीच्या पिढीत ट्रिटियम वापरत, त्याच्या बीटाची सरासरी ऊर्जा ५.७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, तो एका मायक्रॉनच्या आसपासच थकतो. निकेल-६३ ने ट्रिटियमला मागे टाकलं त्याला हे एक कारण, दुसरं कारण तापमान.

ट्रिटियमबद्दल थांबून सांगायला हवं, कारण जुन्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांत कधी कधी असं मशीन निघतं. टायटॅनियमवर धरलेल्या ट्रिटियमची मर्यादा सुमारे २२५ अंश सेल्सिअस. निकेल समजून त्याला ३५० वर बेक केलं तर ट्रिटियम सुटून व्हेंटवाटे खोलीत येईल. आणि त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं असल्यामुळे तिथे "सोर्स वीक झालाय" हे वाक्य खरंही असू शकतं. १० वर्षांत ४० टक्क्यांहून जास्त घट होते. तेव्हा काहीही करण्याआधी डिटेक्टरवरचं लेबल वाचा. समस्थानिक, किती क्युरी, कोणत्या तारखेला. लेबल नसेल तर तापमानाला हात लावू नका.

किती दिवसांनी परत येते?

काही नमुने ओळखीचे झालेले आहेत.

बेकनंतर काही तासांतच बेसलाइन परत चढली, एकही इंजेक्शन न देता, तर संशय गॅसवर किंवा लीकवर. सॅम्पलांचा तिथे संबंध नाही.

सॅम्पलांच्या बॅचनंतर पायरी-पायरीने चढली, मधल्या सुटीच्या दिवशी जागेवर थांबली, तर घाण इनलेटमधून, म्हणजे सॅम्पल सोडतात त्या तोंडातून, येते आहे: लायनर (आतली काचेची नळी), सेप्टम (सुई घुसते ती रबरी चकती), कॉलमचं पुढचं टोक आणि अर्थातच सॅम्पलची साफसफाई.

सिलिंडर बदलला की चढते आणि दोन-तीन दिवसांत कमी होते, तर रेग्युलेटर जोडताना आत गेलेली हवा, किंवा सिलिंडरच. सोमवारी सकाळी जास्त आणि दुपारपर्यंत कमी, तर शनिवारी कोणीतरी काटकसर म्हणून मेकअप बंद करून जातं. ओव्हनच्या तापमानाबरोबर वर-खाली होते, तर कॉलम ब्लीड. त्यासाठी फार शोध करायला नको. पावसाळ्यात दरवर्षी होते, तर गॅसमधला ओलावा शोषणारा मॉइश्चर ट्रॅप संपलाय आणि त्याची तारीख कोणी लिहून ठेवलेली नाही.

यासाठी फॅन्सी काही लागत नाही. रोज सकाळी पहिल्या इंजेक्शनआधी बेसलाइनचा आकडा, सिलिंडरचं प्रेशर आणि मेकअपचा फ्लो वहीत लिहायचा. चांगल्या बेसलाइनचा सार्वत्रिक आकडा मला विचारू नका. मॉडेलप्रमाणे, फ्लोप्रमाणे, तापमानाप्रमाणे तो बदलतो. तुमच्या डिटेक्टरचा चांगला दिवसाचा आकडा हाच तुमचा मापदंड, आणि तो फक्त त्या वहीत सापडतो.

तीन चाचण्या, या क्रमाने

पहिली: कॉलम बाजूला काढा. ओव्हन थंड करून कॉलमचं डिटेक्टरकडचं टोक सोडवा, डिटेक्टरच्या तोंडाला बिनछिद्राचं फेरूल (सांधा घट्ट बंद करणारं कडं) घालून नट बसवा आणि फक्त मेकअपवर, नेहमीच्या तापमानाला, काही तास चालू ठेवा. रात्रभर ठेवता आलं तर उत्तम. बेसलाइन तुमच्या चांगल्या आकड्यावर आली तर डिटेक्टर निर्दोष. आरोपी कॉलममध्ये, इनलेटमध्ये किंवा कॅरियरमध्ये, म्हणजे सॅम्पल कॉलममधून वाहून नेणाऱ्या गॅसमध्ये, आहे. खाली आलीच नाही तर मेकअप, त्याची लाइन किंवा डिटेक्टर. या एका चाचणीने निम्मं घर झाडून होतं. पण लोक हीच टाळतात, कारण कॉलम काढून पुन्हा लावायचा कंटाळा.

दुसरी चाचणी माझी आवडती, आणि तिला पाना लागत नाही. मेकअपचा फ्लो दीडपट-दुप्पट करा, म्हणजे समजा ३० मिली प्रति मिनिटावरून ६० वर, आणि बेसलाइन स्थिर होईपर्यंत थांबा. ईसीडी संहतीला उत्तर देतो, वस्तुमानाला नाही. घाण मेकअप गॅसबरोबरच येत असेल तर फ्लो वाढवून तिची संहती कमी होणार नाही. बेसलाइन जवळपास तिथेच राहील. लीकमधून किंवा कॉलममधून ठरावीक वेगाने येत असेल तर जास्त गॅसमध्ये ती पातळ होईल आणि बेसलाइन उतरेल. फॉइलवर थर असेल तर फ्लोने फारसा फरक पडणार नाही. म्हणजे उतरली तर लीक किंवा ब्लीड. न उतरली तर गॅस किंवा थर. अगदी काटेकोर नाही, पण दिशा दाखवते.

तिसरी: गॅस की थर, हे ठरवायला सिलिंडर आणि ट्रॅप दोन्ही बदला, एकाच वेळी नाही. आधी सिलिंडर. ९९.९९९ टक्के शुद्धतेचा, ज्याला लॅबमध्ये फाइव्ह नाइन म्हणतात, आणि शक्यतो वेगळ्या बॅचचा. पूर्ण रिकामा होईपर्यंत सिलिंडर ओढू नका. प्रेशर १०-१५ किलोपर्यंत (प्रति चौरस सेंटिमीटर) आलं की काढा, तळाशी ओलावा आणि इतर अशुद्धी वाढत जातात. नायट्रोजन जनरेटरवर ईसीडी चालवणाऱ्यांनी त्याच्या कागदावर उरलेल्या ऑक्सिजनचा आकडा आधी बघावा. लिक्विड क्रोमॅटोग्राफीच्या मास स्पेक्ट्रोमीटरला चालणारा नायट्रोजन ईसीडीला चालेलच असं नाही.

लीक: गॅस बाहेर जातो, मग हवा आत कशी?

हा प्रश्न प्रत्येक प्रशिक्षणात येतो आणि योग्यच आहे. लाइनमध्ये तीन-चार बार प्रेशर, बाहेर एक; वाहील ते आतून बाहेर. पण ऑक्सिजनला एकूण प्रेशरशी देणंघेणं नसतं, त्याला स्वतःच्या आंशिक दाबाशी असतं. बाहेर तो २१ टक्के, आत जवळपास शून्य. बारीक फटीतून आणि प्लास्टिकच्या नळीच्या भिंतीतून तो आत झिरपतोच. म्हणून मेकअप लाइनमध्ये टेफ्लॉन किंवा पॉलियुरेथेनचा तुकडा "तात्पुरता" लावलेला असेल तर तोच आरोपी धरा. रबरी डायफ्रॅमचा रेग्युलेटरही नको. धातूच्या डायफ्रॅमचा हवा.

तांब्याच्या नळीचंही एक सांगतो. बाजारात एसी-फ्रिजच्या कामाची तांब्याची कॉइल स्वस्त मिळते आणि प्लंबर ती टाकून देतो. आत ओढकामाचं तेल असतं. ते महिनोन्‌महिने थोडं थोडं सुटत राहतं आणि नेमका "बेक केला की बसते, परत चढते" हा नमुना देतं. नळी क्रोमॅटोग्राफीसाठी धुतलेलीच घ्यावी. नाइलाज असेल तर हेक्झेन आणि ॲसिटोनने धुऊन, नायट्रोजन सोडून, गरम करून मग लावावी. डायक्लोरोमिथेनने धुऊ नका, त्यातच क्लोरिन आहे. आपणच चोराला घरात घेऊन त्याच्या हाती किल्ली देण्यातला प्रकार होईल.

लीक शोधायला साबणाचं पाणी ईसीडीच्या लाइनवर वापरू नये. ते सांध्यातून आत जातं आणि स्वतःच नवी घाण बनतं. साधा उपाय: सगळं बंद करून लाइनमध्ये प्रेशर भरा, सिलिंडरचा वाल्व्ह बंद करा आणि गेजचा काटा रात्रभर कुठे जातो ते बघा. काटा उतरला तर एकेक सांधा वेगळा करत मागे या. ग्राफाइट-व्हेस्पेलची फेरूलं ओव्हनच्या तापण्या-थंडावण्याने आकसतात. नवीन लावल्यावर दोन-तीन रननंतर पुन्हा किंचित आवळावी लागतात. हे मॅन्युअलमध्ये असतं, वाचत कोणी नाही.

द्राक्षं, गंधक आणि खोलीतली हवा

नाशिक, सांगली, पुण्याकडे ज्यांचं काम कीटकनाशकांच्या अवशेषांचं आहे, त्यांच्यासाठी हा भाग. निर्यातीच्या द्राक्षांचं बरंचसं काम आता टँडेम मास स्पेक्ट्रोमीटरवर गेलं, पण माती, पाणी, कांदा, भाजी आणि शिकवण्याची कामं ईसीडीवर होतातच.

भुरीवर द्राक्षाला गंधक मारतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण मूलद्रव्य गंधक सॉल्व्हंटमध्ये निघून येतं आणि ईसीडीला ते फार आवडतं हे मात्र विसरलं जातं. त्याचे रुंद, एकात एक घुसलेले पीक सॉल्व्हंटच्या पीकपासून ॲल्ड्रिनपर्यंतचा पट्टा झाकून टाकू शकतात. लिंडेन त्याच पट्ट्यात आहे. अशा सॅम्पलांची बॅच चालवली की बेसलाइन बसायला वेळ लागतो, पीकनंतर खोल उलटा खड्डा दिसू लागतो, आणि लोक म्हणतात डिटेक्टर गेला. मोठ्या पीकमागचा उलटा खड्डा हे डिटेक्टर मळल्याचं लक्षण आहेच, पण मळवणारा सॅम्पलमध्ये आहे. कांदा, लसूण, कोबी यांचे गंधकयुक्त पदार्थही असाच त्रास देतात.

गंधक काढायला अर्कात सक्रिय केलेली तांब्याची पूड हलवतात. ती काळी पडते, गंधक तिथेच अडकतं. पण आंधळेपणाने करू नका. तांबं हेप्टाक्लोर आणि डायझिनॉन, मॅलॅथिऑनसारखी काही ऑर्गेनोफॉस्फरस कीटकनाशकंही खातं. टेट्राब्युटिल अमोनियम सल्फाइटची पद्धत त्या मानाने सौम्य आहे. जे काही कराल ते स्पाइक केलेल्या सॅम्पलवर (ज्यात कीटकनाशक मोजून घातलंय) रिकव्हरी, म्हणजे त्यातलं किती परत मिळतं, ते काढून मगच.

क्वेचर्स या अवशेष काढायच्या झटपट पद्धतीचा अर्क ॲसिटोनायट्राइलमध्ये असतो. तो तसाच ईसीडीला मारू नये. सुकवून हेक्झेन किंवा टोल्युइनमध्ये घ्यावा. हे कष्ट वाचवले की त्याची किंमत लायनर आणि कॉलम मोजतात. डायक्लोरोमिथेन किंवा क्लोरोफॉर्म वापरून काढलेल्या अर्कात त्याचा अंश उरला असेल तर सॉल्व्हंटचं शेपूट अर्ध्या क्रोमॅटोग्रामभर पसरतं. अर्कणाचं टेबल आणि ईसीडी एकाच खोलीत असू नयेत, आणि असलेच तर फ्यूमहुड खरोखर ओढतो का ते कागदाचा चिटोरा धरून बघा.

खोलीतल्या हवेबद्दल एक कमी बोललं जाणारं कारण: डास पळवणारी लिक्विड मशीन. त्यातल्या ट्रान्सफ्लुथ्रिनमध्ये क्लोरिनही आहे, फ्लोरिनही. रात्रपाळीच्या माणसाने ते सॅम्पल तयार करण्याच्या खोलीत लावलं तर ब्लँकमध्ये, म्हणजे कीटकनाशक नसलेल्या तपासणी-सॅम्पलमध्ये, अनोळखी पीक येणार. इमारतीत पेस्ट कंट्रोल झाल्यानंतरच्या आठवड्यात ब्लँकमध्ये सायपरमेथ्रिन सापडलं तर शेतकऱ्याला दोष देऊ नका.

या डिटेक्टरची जन्मकथा इथे शोभते. जेम्स लव्हलॉक यांनी सर्दीवरच्या संशोधनाच्या काळात हवेची मंद हालचाल मोजायला आयनांवर चालणारं एक यंत्र बनवलं होतं. ते सिगारेटच्या धुराने आणि हॅलोजनयुक्त वाफांनी बिघडत असे. पुढे १९५७ मध्ये लंडनच्या मिल हिल इथल्या संस्थेत त्यांनी ईसीडी घडवला, त्यात तो बिघाडच मोजमाप झाला. १९७१-७२ मध्ये शॅकल्टन जहाजावरून अंटार्क्टिकाकडे जाताना त्यांनी याच डिटेक्टरने भर समुद्रातल्या हवेत क्लोरोफ्लुरोकार्बन मोजले, लक्ष-कोटीत काही भाग एवढ्या पातळीवर. इतकं तिखट नाक असलेल्या यंत्राला खोलीतला क्लोरोफॉर्म कळणार नाही, ही आशाच व्यर्थ.

धुराने बिघडणारी हीच कल्पना छतावरच्या आयनीकरण स्मोक डिटेक्टरमध्ये आहे. तिथे निकेलऐवजी अमेरिशियम-२४१, साधारण एक मायक्रोक्युरी, अर्धायुष्य ४३२ वर्षं, आणि बीटाऐवजी अल्फा. तोही विनाकारण वाजू लागला की सोर्सवर संशय घेतात, आणि तिथेही आरोपी बहुधा कोठडीत शिरलेली धूळ, किडा किंवा वाफ असते. व्हॅक्यूमने बाहेरून साफ करावा. आतलं झाकण उघडण्याचा प्रश्नच नाही.

बेक करायचाच असेल तर

वरच्या चाचण्यांनी घाणीचं मूळ बंद झाल्यावरच बेकला अर्थ आहे. कॉलम काढलेला, तोंड बंद, ताजा ट्रॅप, मेकअप ६० मिलीच्या आसपास, आणि तापमान तुमच्या मॉडेलच्या मर्यादेच्या आत. निकेलच्या बहुतेक डिटेक्टरना ३५० ते ३७५ अंश चालतं. तापमान एकदम चढवू नका. सुरुवातीला बेसलाइन आभाळाला भिडते, घाबरू नका. थरातली घाण निघते आहे. मग ती उतरत जाते. उतरणं थांबलं की बेक संपला, तो सहा तासांत होवो की दोन रात्रींत. व्हेंटची नळी फ्यूमहुडमध्ये किंवा इमारतीबाहेर, खोलीत नाही.

सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे गरम डिटेक्टर आणि संपलेला सिलिंडर. वीज गेली तर उलट बरं; हीटर बंद पडतो, गॅस वाहत राहतो. पण रात्री दोनला सिलिंडर संपला आणि डिटेक्टर ३०० अंशांवर राहिला तर हवा मागे शिरते, निकेल ऑक्सिडाइझ होतं, आणि ते नुकसान बेकने भरून येत नाही. लांब बेकच्या आधी सिलिंडरचं प्रेशर बघून रात्रभराचा हिशेब करा. एकाला एक जोडलेले दोन सिलिंडर आणि आपोआप बदलणारा मॅनिफोल्ड असेल तर झोप चांगली लागते.

कॉलम परत लावताना: नवा कॉलम डिटेक्टरला न जोडता कंडिशन करा. सायनोप्रोपिल किंवा ट्रायफ्लुरोप्रोपिल असलेले फेज (कॉलमच्या आतले लेप) ईसीडीत जास्त ब्लीड दाखवतात, तिथे ओव्हनची कमाल थोडी खालीच ठेवा. डिटेक्टरचं तापमान नेहमी ओव्हनच्या कमालीपेक्षा वर, नाहीतर जे बाहेर पडलं ते निकेलवर जाऊन बसेल.

जुने लोक हायड्रोजन सोडून किंवा पाण्याची इंजेक्शनं देऊन ईसीडी धूत. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये लिहिलं नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

डिटेक्टर उघडायचा नाही

सगळं करूनही, बिनछिद्राच्या फेरूलवर, नव्या सिलिंडरवर, पूर्ण बेकनंतरही बेसलाइन उतरत नसेल आणि फ्लो बदलूनही हलत नसेल, तर मात्र फॉइल खरोखर खराब झालंय. स्क्रू काढून कापसाने पुसायचा मोह तिथेच थांबवा. निकेल-६३ चा बीटा हवेत फार तर पाच सेंटिमीटर जातो आणि कातडीचा मृत थर ओलांडत नाही, त्यामुळे बंद डिटेक्टरजवळ बसून काम करण्यात धोका नाही. पण खरवडून निघालेला कण नाकातोंडात गेला तर हिशेब वेगळा. नेहमीच्या सर्व्हे मीटरवर तो नीट दिसतही नाही. टीएलडी बिल्ला (अंगावर लावायचा, किरणोत्साराचा डोस नोंदवणारा) त्याला पकडत नाही. म्हणून वाइप टेस्ट असते: बाहेरचा भाग आणि व्हेंटचं तोंड ओल्या कागदाने पुसून तो लिक्विड सिंटिलेशन काउंटरमध्ये मोजायचा. अमेरिकेत हे दर सहा महिन्यांनी करतात आणि १८५ बेकरेलच्या वर गळती धरतात. आपल्याकडे तुमच्या परवान्यात आणि निर्मात्याच्या कागदात जे लिहिलंय ते पाळा, आणि नोंद ठेवा.

सोर्सची नोंद मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडे, ई-लोरा या त्यांच्या ऑनलाइन परवाना प्रणालीवर, असायला हवी. मशीन बदललं, इमारत बदलली, प्रमुख निवृत्त झाले, तरी ती नोंद चालू ठेवणं कोणाच्या तरी नावावर हवं. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० उघडं पडून एकाचा जीव गेला. ते यंत्र दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातून वर्षानुवर्षं बंद पडल्यावर लिलावात गेलं होतं. निकेलचा ईसीडी त्याच्यापुढे किरकोळ आहे, पण भंगारात जाण्याची वाट तीच असते: कोपऱ्यात धूळ खाणारं मशीन, डेड स्टॉकच्या यादीत "जुना क्रोमॅटोग्राफ" एवढीच ओळ. त्या ओळीत सोर्सचा समस्थानिक, क्युरी आणि क्रमांक लिहून ठेवा. डिटेक्टर खरोखर परत पाठवायची वेळ आली तर दोन्ही तोंडं बंद करून, परवानगी घेऊन, निर्मात्याकडेच. सोबत बिनछिद्राच्या फेरूलवरची शेवटची बेसलाइन, तापमान, मेकअपचा फ्लो आणि वाइप टेस्टचा निकाल जोडा.